गाडगेबाबांच्या यादीत औषध वेगळं होतं आणि हिंमत वेगळी

धामणगाव रेल्वेच्या कॉलेजात शिकणाऱ्या पोरांच्या मार्कशीटवर संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचं नाव असतं. खराटा आणि ग्रामस्वच्छता हे तर सगळ्यांना पाठ आहे. पण खचलेल्या, आजारी माणसाने कुणाकडे जायचं, याबद्दलही या माणसाची भूमिका पक्की होती. ती त्यांच्या आयुष्यातूनच आली होती.

23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीजवळ, शेंडगावात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जात परीट. वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा डेबू लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. डेबूने मामाकडे गुरं राखली, नांगर धरला. पुढे सावकाराच्या कर्जात मामाची जमीन अडकली आणि मामा खचून वारले.

म्हणजे तरुण होईपर्यंत या माणसाने घरातच दोन गोष्टी पाहिल्या होत्या : व्यसनाने गेलेला बाप आणि कर्जाने खचलेला मामा. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांना आजही या दोन्ही गोष्टी नव्या नाहीत.

लेकीच्या बारशाला दारू आणि मटण द्यायची रीत होती. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. जातभाई नाराज झाले, पण ते हटले नाहीत. 1905 साली त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं. गावात शिरले की कुत्री भुंकायची आणि लोक त्यांना वेडा समजून हुसकून लावायचे. वेडा ठरवलेल्या माणसाशी गाव कसं वागतं, हे त्यांनी स्वतः भोगलं.

दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, हा त्यांचा नेम झाला. कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. नवसाला बोकड कापणं, अंगात येणं, मांत्रिकाचे गंडेदोरे यांवर त्यांचा सगळ्यात जास्त मारा असायचा. कर्ज काढून नवस फेडण्यापेक्षा पोराला शाळेत घाला आणि आजाऱ्याला औषध द्या, असं ते सांगत.

ते नुसतं सांगून थांबले नाहीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या, तशी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही राहिली. खेड्यातून पेशंट घेऊन आलेल्या नातेवाइकाला राहायला जागा नसेल तर तो उपचार अर्धवट सोडून गावी परत जातो. ही अडचण त्यांनी ओळखली होती.

त्यांच्या कामाचं सार म्हणून दहा गोष्टींची एक यादी सांगितली जाते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी अशी तिची सुरुवात होते. या यादीत रोग्याला औषधोपचार हे एक काम आहे आणि दुःखी, निराश माणसाला हिंमत हे दुसरं. दोन्ही स्वतंत्र मोजलेली आहेत.

बाबा काही मानसोपचाराचे जाणकार नव्हते. पण मन बिघडलं की कुणाकडे जायचं, हा आजचा गोंधळ सोडवायला हा फरक कामी येतो.

औषध लागतं तिथे मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकॅट्रिस्ट. हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. कानात आवाज येणं, टोकाचा संशय, अनेक दिवस झोप उडणं, मरणाचे विचार, यासाठी आधी त्याच्याकडे जावं. दारूचंही तसंच. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून नुसती शपथ घालून भागत नाही, डॉक्टर लागतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव ऐकायला सारखं वाटतं, पण काम वेगळं. तो चाचण्या करतो, बोलण्यातून उपचार करतो, गोळ्या लिहून देत नाही. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, ती विचारून घ्यावी.

परीक्षेचं दडपण, घरातली भांडणं, जवळचं माणूस गेल्याचं दुःख, कर्जाची चिंता यासाठी समुपदेशक असतो. निराशाला हिंमत देण्याच्या जवळ जाणारं काम हेच. मात्र छोटा कोर्स करूनही काही जण बोर्ड लावतात. त्यामुळे शिक्षण कुठे आणि किती झालं, हे विचारायला लाजू नये. चांगला समुपदेशक औषधाची गरज दिसली की स्वतःच डॉक्टरकडे पाठवतो.

यातला कोण लागेल हेच कळत नसेल तर 14416 या टेलि-मानसच्या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. धामणगावहून रेल्वेने एका बाजूला बडनेरामार्गे अमरावती गाठता येते, तर दुसऱ्या बाजूला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

राहिला मांत्रिक. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं हा गुन्हा ठरवला आहे. बाबांनी कीर्तनातून ज्याच्यावर आयुष्यभर झोड उठवली, त्यावर कायदा व्हायला त्यांच्यामागे अर्धशतकाहून जास्त काळ गेला.

20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे येताना, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांचं निधन झालं. त्यांनी कुणाला शिष्य केलं नाही की गादी ठेवली नाही. मुंबईच्या धर्मशाळेत मात्र खेड्यातून पेशंट घेऊन आलेली माणसं मुक्कामाला येत राहिली.