इल्या मेचनिकॉव्ह : काट्याभोवतीच्या पेशी

१८८२ च्या डिसेंबरात, सिसिलीतील मेसिना येथे, घरची मंडळी सर्कशीतील माकडे पाहावयास गेली असता इल्या मेचनिकॉव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. तारामाशाच्या पारदर्शक, अळीरूप पिलात हिंडणाऱ्या पेशी ते न्याहाळीत होते. या पेशी अन्न गिळतात, हे त्यांना ठाऊक होते. बाहेरून शिरलेल्या शत्रूवरही त्या चालून जात असतील काय, असा विचार त्यांच्या मनात चमकला. बागेतील गुलाबाचे काटे आणून त्यांनी पिलांच्या त्वचेखाली टोचले. उत्कंठेने रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा!

हा दिवस पाहण्यास ते उरले, हेच नवल. खारकोव्हच्या परिसरात १८४५ साली जन्मलेल्या या प्राणिशास्त्रज्ञाची पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने इतकी खंगली होती की विवाहवेदीपर्यंत तिला खुर्चीत बसवून न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली आणि मेचनिकॉव्ह यांनी मॉर्फीन घेतले. मात्रा अतिरेकी झाल्याने उलटी होऊन ते वाचले. पुढे दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वरातून उठली. तरीही १८८१ मध्ये निराशेच्या भरात त्यांनी ज्वरग्रस्ताचे रक्त स्वतःस टोचून घेतले. राजकीय धुमश्चक्रीने गढूळलेले ओडेसा विद्यापीठ त्यांनी १८८२ मध्ये सोडले. मेसिनाला आला तो असा पोळलेला मनुष्य.

रोगप्रतिकार रक्तद्रवातील द्रव्ये करतात, पेशी नव्हेत, असे जर्मन जंतुशास्त्रज्ञ ठासून सांगत. वाद पाव शतक चालला. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकॉव्ह आपली बाजू लढवीत राहिले. काहीसे हट्टीपणानेच, असे म्हणावे लागते. त्यांचे ओडेसातील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०८ चे नोबेल मेचनिकॉव्ह आणि विरुद्ध पक्षाचे पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले. दोन्ही पक्षांचे खरे होते.

परंतु काटा रुतल्याची वर्दी पेशींना दिली कोणी? याचा उलगडा त्यांच्या हयातीत झाला नाही. फुटलेल्या पेशीतून एटीपी बाहेर सांडते. आत असता ते ऊर्जेचे चलन, बाहेर पडताच धोक्याची घंटा. ताणाखालील पेशी रासायनिक हाकाही देतात. पांढऱ्या पेशींना बोलावणारे इंटरल्यूकिन-८ हे प्रथिन १९८७ मध्ये वेगळे करण्यात आले.

जुलै १९१६ मध्ये, महायुद्ध पेटलेले असताना, मेचनिकॉव्ह पॅरिसमध्ये निवर्तले. त्यांचा अस्थिकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे.