गादीवरचा आरोपी

गादीवर बसलेल्या राज्यकर्त्याला अटक होऊ शकते काय? धायरीतल्या आमच्या अभ्यासवर्गात परवा एका तरुणाने हा प्रश्न टाकला. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियाचे अध्यक्ष यून सुक-येओल पद सुटण्याआधीच अटकेत गेले, ती बातमी त्याच्या डोक्यात होती. आपल्या मराठी मुलखाच्या इतिहासात असे कोणी आहे काय, हे त्याला हवे होते. आहे. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड.

मल्हाररावांचे आयुष्य तुरुंगातून गादीवर आणि गादीवरून पुन्हा कैदेत असे गेले. थोरले बंधू खंडेराव महाराज यांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून त्यांना 1863 मध्ये पादरा येथे डांबण्यात आले होते. 1870 च्या नोव्हेंबरात खंडेराव वारले आणि कालचा कैदी बडोद्याचा धनी झाला. खंडेरावांची विधवा जमनाबाई गरोदर होत्या. 1871 मध्ये त्यांना मुलगी झाली आणि मल्हाररावांचा मार्ग मोकळा झाला.

मग सुरू झाला सूड. खंडेरावांच्या मर्जीतले दिवाण भाऊ शिंदे कैदेत मेले, आणि विष घातल्याचा बोभाटा झाला. महाराजांनी सोन्याच्या तोफा ओतवल्या. इकडे रयत सारा भरता भरता मोडत होती. सावकार, सरदार, कुळे साऱ्यांच्या तक्रारी होत्या. बायकांना बळाने वाड्यात लौंडी म्हणून नेल्याच्याही तक्रारी होत्या. कर्नल मीड यांच्या चौकशी आयोगापुढे हे सारे आले. इंग्रज सरकारने कारभार सुधारण्यासाठी 1875 च्या अखेरपर्यंत मुदत दिली. दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले, पण त्यांचेही फार काळ जमले नाही.

मुदत संपण्याआधीच प्रकरण पेटले. 9 नोव्हेंबर 1874 रोजी रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष सापडले. सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे सांगण्यात आले. जानेवारी 1875 मध्ये मल्हाररावांना अटक झाली आणि राज्याचा कारभार इंग्रजांनी हाती घेतला. गादीवरचा राजा आरोपी म्हणून उभा राहिला.

चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ नेमले गेले. तीन इंग्रज होते. तीन हिंदी होते : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव. बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. निकाल दुभंगला. इंग्रज सदस्यांनी दोषी धरले, तर हिंदी सदस्यांना गुन्हा शाबीत झाल्याचे पटले नाही. तरीही एप्रिल 1875 मध्ये मल्हारराव पदच्युत झाले. कारण मात्र विषप्रयोगाचे दिले नाही, गैरकारभाराचे दिले. त्यांना मद्रासला पाठवले. तेथेच 1882 मध्ये त्यांचा शेवट झाला.

आता आमच्या वाचकांनी नीट विचार करावा. मल्हाररावांसाठी अश्रू ढाळण्याचे आम्हांस कारण नाही. परक्याने काढला म्हणून जुलमी राजा साधू ठरत नाही. त्याच्या वाड्यात ओढून नेलेल्या बायकांचे हाल स्वाभिमानाच्या भाषणांनी झाकता येत नाहीत. पण म्हणून न्याय झाला असेही आम्ही म्हणणार नाही. आरोप ठेवणारे, मंडळ नेमणारे आणि शेवटी निकाल लावणारे सरकार एकच होते. खटला एका गुन्ह्याचा चालला, शिक्षा दुसऱ्याच कारणासाठी झाली. याला कायदा म्हणत नाहीत, याला मर्जी म्हणतात.

या मर्जीतून आमच्या वाट्याला एक भले आले, हे मात्र खरे. रिकाम्या गादीसाठी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. तेच सयाजीराव महाराज. अस्पृश्यांसाठी शाळा काढणारे, 1906 मध्ये राज्यभर सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणणारे. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले.

पण चांगला राजा मिळणे हा योगायोग असतो. योगायोगावर समाज उभा राहत नाही, हे बाबासाहेबांइतके कोणी ओळखले नाही. ते मसुदा समितीचे अध्यक्ष असताना घडलेल्या संविधानाने हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला आहे. कलम 361 प्रमाणे राष्ट्रपती आणि राज्यपाल यांना पदावर असेपर्यंत अटक होत नाही, फौजदारी कारवाईही चालत नाही. संरक्षण पदाला आहे, माणसाला नाही, आणि तेही मुदतीपुरते. संविधानाचा भंग केला तर कलम 61 प्रमाणे राष्ट्रपतींवर महाभियोग चालतो. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोनतृतीयांश मतांनी त्यांना दूर करता येते. पंतप्रधान, मुख्यमंत्री यांना कलम 361 चे कवच मुळीच नाही. 2024 च्या मार्चमध्ये दिल्लीचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल पदावर असताना अटकेत गेले, ते त्यामुळेच.

तेव्हा त्या तरुणाला आमचे उत्तर असे. सत्ताधीशाला अटक होऊ शकते काय, एवढेच विचारून थांबू नकोस. ती कोणत्या कायद्याने झाली, तो कायदा आधी लिहिलेला होता काय आणि निवाडा करणारा आरोप करणाऱ्याहून वेगळा होता काय, हेही विचार. आपल्या नावडत्या माणसाला पकडले तेव्हाही विचार. मल्हाररावांच्या वेळी रयतेला हे विचारायचा हक्क नव्हता. आपल्याला तो आहे. तो वापरला नाही, तर संविधान हाती असूनही आपण रयतच राहू.