कै. बाबूराव पेंटर

कोल्हापूरचे कै. बाबूराव पेंटर यांचें मूळ आडनांव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०. ते व त्यांचे नात्यांतील बंधू आनंदराव हे नाटकांचे पडदे रंगवीत. पुढें चलच्चित्रांचा ध्यास लागून दोघे स्वतःच कॅमेरा घडवूं लागले. पण १९१६ मध्यें आनंदराव वारले. तें अपुरें काम बाबूरावांनीं आपले शिष्य दामले यांच्या साहाय्यानें तडीस नेलें, आणि १९२० मध्यें ‘सैरंध्री’ पडद्यावर आली.

चित्रीकरणापूर्वीं ते प्रसंगांचीं रेखाचित्रें काढीत. कॅमेरा कोठें ठेवावा, उजेड किती असावा, हें त्यांच्या मनांत आधींच ठरलेलें असे. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ या मूकपटांत सावकार एका शेतकऱ्याची जमीन गिळंकृत करतो. त्यांतील एक दृश्य पाहणारांच्या दीर्घकाळ स्मरणांत राहिलें: दूरवरून घेतलेली एक उदास झोपडी, सभोंवार अंधार, आणि विव्हळणारें कुत्रें. रडणारा चेहरा जवळून दाखविणें सोपें होतें. परंतु कॅमेरा दूर गेल्यानें माणूस किती एकाकी आहे तें दिसतें, आणि अंधारामुळें कर्जाचा भार जाणवतो, असें आम्हांस वाटतें. मूकपटांत दुसरी वाचा ती कोणती?

पौराणिक चित्रपटांस सरावलेल्या प्रेक्षकांनीं मात्र त्याचें फारसें स्वागत केलें नाहीं. बाबूरावांनीं ती कथा सोडली नाहीं. १९३६ मध्यें तिचा बोलपट काढला. शेतकऱ्याचें काम केलेले तरुण शांताराम तोंवर स्वतः नामांकित दिग्दर्शक झाले होते. १६ जानेवारी १९५४ रोजीं बाबूराव निवर्तले.