मूकबधिरांचे गुरू: आबे द लेपे

आबे शार्ल-मिशेल द लेपे यांचा जन्म २४ नोव्हेंबर १७१२ रोजी फ्रान्समधील व्हर्साय येथे झाला. यान्सेनवादी विचारांकडे ओढा असल्यामुळे त्यांची गुरुदीक्षा लांबली. पुढे ते धर्मगुरू झाले. १७६० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्यांची दोन बहिऱ्या बहिणींशी गाठ पडली. चित्रांच्या साहाय्याने त्यांना शिकवणारे फादर व्हानँ निधन पावले होते. ऐकू न येणाऱ्या या मुली धर्मशिक्षणापासून वंचित राहतील, या चिंतेने आबेंनी ते कार्य हाती घेतले.

त्या काळी मोजक्या सधन घरांतील मूकबधिर मुलांना खासगी शिक्षक बोलायला शिकवीत असत. आबेंनी मात्र मुलांच्या खुणांनाच शिक्षणाचे माध्यम बनवले. स्वतःच्या घरी शाळा काढून त्यांनी गरीब-श्रीमंत असा भेद न करता विनामूल्य शिकवले. १७७६ साली त्यांनी आपली पद्धत ग्रंथरूपाने मांडली.

मात्र मुलांच्या खुणांना स्वतःचे व्याकरण नाही, अशी त्यांची समजूत होती. म्हणून फ्रेंच व्याकरण शिकवण्यासाठी त्यांनी नव्या खुणा घडवल्या. पुल्लिंगासाठी हात टोपीकडे जाई, स्त्रीलिंगासाठी कानाकडे आणि भूतकाळासाठी खांद्यावरून मागे. त्यामुळे साधे वाक्यही लांबत असे.

मुलांच्या खुणांसारख्या भाषांनाही व्याकरण असते, हे पुढे सिद्ध झाले. १९६० साली अमेरिकेत विल्यम स्टोको यांनी दाखवून दिले की, हाताचा आकार, जागा व हालचाल यांतून खूण रचली जाते. पॅरिसच्या शाळेचा वारसा लाभलेल्या अमेरिकन खूणभाषेत अंगठा व शेजारची दोन बोटे ताठ करून हात आडवा धरला की वाहन सूचित होते. उभी तर्जनी माणूस दर्शवते. अशा हस्ताकारांमुळे वस्तूंचे वर्ग ठरतात. वाहनाचा हात वळणे घेत वर नेला की घाट चढणारी गाडी डोळ्यांपुढे उभी राहते. कोण, कोठून व कसे गेले, हे एकाच हालचालीत सांगता येते. या हस्ताकारांचे नियम भाषाशास्त्रज्ञ आजही अभ्यासत आहेत.

२३ डिसेंबर १७८९ रोजी आबेंचे निधन झाले. पॅरिसच्या सेंट रॉक चर्चमध्ये त्यांना दफन करण्यात आले. १७९१ साली त्यांच्या शाळेची जबाबदारी सरकारने स्वीकारली. मुलांच्या हातांतील व्याकरण आबेंना उमगले नाही, हे खरे. तथापि विखुरलेल्या मुलांना त्यांनी एका छताखाली आणले. ती मुले परस्परांशी बोलू लागली आणि त्यांची भाषा पिढ्यान्‌पिढ्या बहरत गेली. आबेंचे हे ऋण मूकबधिर समाज आजही कृतज्ञतेने स्मरतो.