ऐकू न येणारी हार्ट स्पेशालिस्ट: डॉ. हेलन टॉसिग

डॉक्टर म्हटलं की डोळ्यासमोर पहिलं काय येतं? गळ्यातला स्टेथोस्कोप. आता समजा, हृदयाचेच डॉक्टर आहेत, पण त्यांना स्टेथोस्कोपमधलं नीट ऐकूच येत नाही. करिअर संपलं, असंच वाटेल ना? जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांना जगण्याची संधी देणाऱ्या डॉ. हेलन टॉसिग यांची गोष्ट नेमकी अशीच आहे.

सुरुवातच अवघड

हेलनचा जन्म २४ मे १८९८ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. वडील हार्वर्डमध्ये अर्थशास्त्राचे प्रोफेसर, पण मुलीला अक्षरं वाचताना त्रास व्हायचा. तिला डिस्लेक्सिया होता. वडिलांनी चिकाटीने शिकवलं. ती ११ वर्षांची असताना आई क्षयाने गेली.

पुढे डॉक्टर व्हायचं ठरवलं, तर हार्वर्डचं मेडिकल स्कूल तेव्हा मुलींना डिग्रीच देत नव्हतं. मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून १९२७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. १९३० मध्ये तिथल्याच लहान मुलांच्या हृदयविकार क्लिनिकची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आणि याच काळात त्यांचं ऐकणं कमी होत गेलं.

कान नाही, तर हात आणि स्क्रीन

टॉसिग यांनी आवाज मोठा करणारा स्टेथोस्कोप वापरून पाहिला. पण खरा भरवसा ठेवला तो हातांवर. झडप अरुंद असेल तर त्यातून जोरात जाणाऱ्या रक्ताची थरथर कधी कधी छातीवर हात ठेवून जाणवते. ती त्या बोटांनी ओळखायला शिकल्या.

दुसरं हत्यार म्हणजे फ्लुरोस्कोप. सोप्या भाषेत सांगायचं तर एक्स-रेचा लाईव्ह व्हिडिओ. मुलाला वेगवेगळ्या अँगलने वळवून त्या हृदयाची हलती सावली पाहायच्या. कुठला कप्पा मोठा झालाय? फुप्फुसात रक्त कमी जातंय का? दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनात जे दिसायचं, ते त्या आधीच्या निदानाशी ताडून बघायच्या. म्हणजे आपण लॉग बघून बग शोधतो, तसंच. फरक एवढाच की इथे प्रत्येक बगची किंमत एक जीव होती.

निळी मुलं आणि बंद होणारा बायपास

त्यांच्या क्लिनिकमध्ये ओठ आणि नखं निळी पडलेली मुलं यायची. चार पावलं चालली की दम लागून उकिडवी बसायची. यातल्या अनेकांना टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा जन्मजात दोष असायचा. यात दोन मुख्य गडबडी असतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं, आणि फुप्फुसाकडे जाणारा मार्ग झडपेपाशी किंवा तिच्या खाली अरुंद असतो. मग ऑक्सिजन न मिळालेलं रक्त फुप्फुसात न जाता भोकातून थेट शरीरात जातं.

टॉसिग यांच्या लक्षात एक गोष्ट आली. अशी काही बाळं जन्मल्यावर बरी असायची आणि काही दिवसांनी अचानक खालावायची. का? गर्भात असताना बाळाच्या महाधमनीला फुप्फुसाच्या धमनीशी जोडणारी एक छोटी नळी असते. जन्मानंतर ती आपोआप बंद होते. निरोगी बाळाला त्याचा काहीच फरक पडत नाही. पण या मुलांसाठी तीच नळी बायपास होती! ती बंद झाली की फुप्फुसाचा पुरवठा तुटायचा.

मग आपणच तशी नळी तयार केली तर? बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट ग्रॉस १९३८ पासून अशा उघड्या राहिलेल्या नळ्या बंद करत होते. टॉसिग यांनी त्यांना उलटं काम सुचवलं, पण त्यांनी रस दाखवला नाही.

२९ नोव्हेंबर १९४४

हॉपकिन्सला आलेले सर्जन अल्फ्रेड ब्लॅलॉक तयार झाले. पण प्रत्यक्ष तंत्र प्रयोगशाळेत कुत्र्यांवर घोटून घोटून बसवलं ते त्यांचे सहायक व्हिव्हियन थॉमस यांनी. थॉमस कृष्णवर्णीय होते. मंदीत बचत बुडाल्याने त्यांचं डॉक्टर होण्याचं स्वप्न राहून गेलं होतं.

त्या दिवशी १५ महिन्यांच्या, जेमतेम चार किलोच्या मुलीवर ऑपरेशन झालं. हाताकडे जाणारी धमनी वळवून फुप्फुसाच्या धमनीला जोडली. हार्ट-लंग मशीन अजून आलेलं नव्हतं, त्यामुळे हृदय उघडून झडप दुरुस्त करणं शक्यच नव्हतं. थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाके कसे घालायचे ते सांगत होते. मुलगी सुधारली, पण काही महिन्यांनी गेली. पुढच्या मुलांमध्ये मात्र फरक स्पष्ट दिसला. निळे ओठ ऑपरेशन टेबलवरच गुलाबी झाले.

१९४५ मध्ये शोधनिबंध आला, त्यावर ब्लॅलॉक आणि टॉसिग अशी दोनच नावं होती. थॉमस यांचं नाव नव्हतं. हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. आता या ऑपरेशनच्या नावात थॉमस यांचंही नाव घेतात.

पुढे काय?

१९४७ मध्ये टॉसिग यांचं जन्मजात हृदयदोषांवरचं पुस्तक आलं. १९६२ मध्ये थॅलिडोमाइड या औषधामुळे बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्मतात हे कळल्यावर त्या स्वतः जर्मनीला गेल्या, आणि परत येऊन अमेरिकेत धोक्याचा इशारा दिला. १९६५ मध्ये त्या अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. २० मे १९८६ रोजी कार अपघातात त्यांचं निधन झालं. ८८ वा वाढदिवस चार दिवसांवर होता.

आज टेट्रालॉजीत भोक बुजवून मार्ग रुंद करणारी पूर्ण दुरुस्ती होते. नुसती झडप अरुंद असेल, तर अनेकदा पायाच्या शिरेतून बलून नेऊन ती उघडतात. ही पद्धत १९८२ मध्ये हॉपकिन्सच्याच डॉ. जीन कान यांनी मांडली. आणि निदानाला आहे इकोकार्डिओग्राफी, म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेलं हृदयाचं हलतं चित्र.

एक गोष्ट लक्षात ठेवा. स्मार्टवॉच ऑक्सिजनचा आकडा दाखवेल, पण झडप दाखवणार नाही. घरातल्या बाळाचे ओठ किंवा जीभ निळी दिसली, दूध पिताना दम लागला, तर ॲपवर शोधत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या आणि इको लागेल का ते विचारा.