विश्लेषण : कर्जसंकटात निवडणूक जिंकून पक्षाला काय मिळते? मधु दंडवतेंचा अनुभव काय सांगतो?

देश कर्जात बुडत असताना सत्ता मिळणे हा पक्षासाठी लाभ की ओझे? १९९१च्या आर्थिक संकटापूर्वी अकरा महिने देशाचे अर्थमंत्री असलेल्या मधु दंडवते यांची कारकीर्द या प्रश्नाचे उत्तर शोधताना उपयोगी पडते.

दंडवते राजकारणात कसे आले?

२१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे जन्मलेले दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. समाजवादी चळवळीतून घडलेल्या दंडवतेंनी १९५५च्या गोवामुक्ती सत्याग्रहातही भाग घेतला. १९७१ ते १९८९ या काळात राजापूर मतदारसंघातून ते सलग पाच वेळा लोकसभेवर गेले. आणीबाणीत ते बंगळूरुच्या, तर पत्नी प्रमिला दंडवते येरवड्याच्या तुरुंगात होत्या.

रेल्वेमंत्री म्हणून काय केले?

१९७७मध्ये जनता पक्षाच्या सरकारात ते रेल्वेमंत्री झाले. १९७४च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी कामावर परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या आल्या त्या त्यांच्याच निर्णयामुळे. खर्डी, उंबरमाळी, कसारा ही स्थानके मागे टाकत रात्री घाट चढणाऱ्या गाड्यांतल्या सामान्य प्रवाशाची झोप तेव्हापासून सुखाची झाली.

अर्थमंत्रिपद मिळाले तेव्हा स्थिती कशी होती?

१९८९च्या निवडणुकीत जनता दलाला १४३ जागा मिळाल्या. भाजप आणि डाव्या पक्षांच्या बाहेरून पाठिंब्यावर विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले व दंडवते अर्थमंत्री. ऐंशीच्या दशकातील उधारीमुळे केंद्राची वित्तीय तूट तोवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ८ टक्क्यांपर्यंत गेली होती. दुसरीकडे शेतकऱ्यांना १० हजार रुपयांपर्यंत कर्जमाफीचे आश्वासन पाळायचे होते. ते पाळले गेले. मात्र तुटीवरचा ताण वाढला. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि तेल महागले. आखातातून मायदेशी येणारा पैसाही आटला.

सरकार सावरू का शकले नाही?

खर्चाला कात्री लावायची तर संसदेत भक्कम बहुमत हवे होते. ते नव्हते. मंडल आयोग आणि रथयात्रेच्या वादात नोव्हेंबर १९९०मध्ये सरकार पडले. चंद्रशेखर सरकारने जानेवारी १९९१मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून सुमारे १.८ अब्ज डॉलर घेतले, पण तेही मार्चमध्ये कोसळले. मे महिन्यात २० टन सोने परदेशात पाठवून परकीय चलन उभारावे लागले.

मतदारांनी काय कौल दिला?

अर्थमंत्री असताना दंडवतेंनी कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ उभे करण्याला आर्थिक बळ दिले. जुलै १९९०मध्ये महामंडळ स्थापन झाले. तरीही १९९१मध्ये राजापूरने त्यांना पराभूत केले आणि जनता दल ५९ जागांवर आले. यामागे केवळ अर्थकारण नव्हते. पक्षातील फूट आणि मंडल-मंदिराचे राजकारणही होते. मात्र संकटाच्या काळात सत्तेत असलेल्या पक्षाकडे दाखवायला दिलासा नसतो, हेही तितकेच खरे.

मग फायदा कुणाला झाला?

पूर्वी रामटेकचे खासदार राहिलेले पी. व्ही. नरसिंह राव जून १९९१मध्ये पंतप्रधान झाले. त्यांचे सरकारही अल्पमतातच सुरू झाले, पण पूर्ण पाच वर्षे टिकले. जुलैत रुपयाचे अवमूल्यन दोन टप्प्यांत झाले, सोने तारण ठेवले गेले आणि उदारीकरण आले. परकीय चलनाची गंगाजळी सावरली. असे असूनही १९९६मध्ये काँग्रेस १४० जागांवर घसरली.

म्हणजे कर्जसंकटात जिंकलेला पक्ष आधीच्यांचे बिल भरतो. सुधारणांचे फळ मात्र अनेकदा नंतर येणाऱ्यांच्या पदरात पडते. विजयापेक्षा हाती मिळणारा वेळ निर्णायक ठरतो. रावांना तो मिळाला, दंडवतेंना नाही.

दंडवते पुढे १९९६ ते १९९८ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या मतदारसंघाने त्यांना घरी बसवले, तिथून १९९८पासून कोकण रेल्वे धावते आहे.