फ्रान्त्स पिर्त्स

फ्रान्त्स पिर्त्स (२० नोव्हेंबर १७८५ – २२ जानेवारी १८८०) हे स्लोव्हेनियात जन्मलेले कॅथलिक धर्मोपदेशक होत. अमेरिकेतील ओजिब्वे या मूलनिवासी जमातीत धर्मप्रसार करण्यासाठी ते गेले; पुढे मात्र मिनेसोटात जर्मन व स्लोव्हेन शेतकऱ्यांची वसाहत उभी राहण्यास तेच कारणीभूत ठरले. इंग्रजी लेखनात त्यांचे आडनाव पिअर्झ असे आढळते.

त्यांचा जन्म कार्निओला प्रांतात, कामनिकजवळील गोदिच या खेड्यात झाला. १८१३ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. फळझाडांची त्यांना विलक्षण आवड होती. १८३० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे बागायतीवरील पुस्तक स्लोव्हेन भाषेतील या विषयाच्या आरंभीच्या पुस्तकांपैकी एक होय.

देशबांधव फ्रेडरिक बारागा आधीच अमेरिकेतील मूलनिवासी लोकांत कार्य करीत होते. त्यांच्या प्रेरणेने पिर्त्स १८३५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, अमेरिकेस गेले. मिशिगनमधील आर्ब्र क्रोश येथे त्यांनी दीर्घकाळ काम केले, तेथील मूलनिवासींना देवीची लस टोचली आणि शेतीचे धडे दिले. १८५२ मध्ये ते मिनेसोटातील क्रो विंग येथे आले.

तेथील भूमीने त्यांच्यातील शेतकरी जागा झाला असावा. १८५५ च्या सुमारास त्यांनी जर्मन कॅथलिक वृत्तपत्रांतून सॉक नदीच्या खोऱ्यातील सुपीक जमिनीचे वर्णन करून वसाहतकऱ्यांना आमंत्रण दिले. वर्णनात कडाक्याच्या थंडीला फारशी जागा नव्हती. तरीही कुटुंबे येत राहिली. टोळधाडीने आरंभीची पिके खाल्ली, पण वसाहत टिकली. १८६४ मध्ये युरोपला जाऊन त्यांनी धर्मशिक्षण घेणारे तरुण सोबत आणले. त्यांपैकी याकोब त्रोबेत्स पुढे सेंट क्लाउडचे बिशप झाले. त्याच दशकात स्लोव्हेन कुटुंबेही सेंट स्टीफन व क्राइन येथे वसली. क्राइन हे कार्निओलाचेच जर्मन नाव आहे.

ज्या ओजिब्वेंसाठी ते आले होते, त्यांच्यावर याच वसाहतीकरणाचा दाब वाढला. १८६२ मध्ये डकोटा युद्ध पेटले असता ओजिब्वे प्रमुख होल-इन-द-डे यांची भेट घेऊन पिर्त्स यांनी शांततेसाठी प्रयत्न केले. मात्र १८६७ च्या करारानंतर क्रो विंग परिसरातील अनेक ओजिब्वेंना व्हाइट अर्थ राखीव क्षेत्राकडे जावे लागले. पिर्त्स यांच्या चरित्रातील हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही: ओजिब्वेंवर त्यांची माया होती आणि आमंत्रणही त्यांचेच होते.

वार्धक्यामुळे १८७३ मध्ये ते मायदेशी परतले. ल्युब्लियाना येथे वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मिनेसोटातील पिअर्झ हे गाव त्यांच्या नावाने ओळखले जाते.